भुरे, सांग त्यांना

दापोरा, ता. बऱ्हाणपूर
५ नोव्हेंबर १९५६

लीलाधर,

भाऊबीज झाली तरी आशीर्वाद शिल्लक आहेत, ते आधी घे.

काल पाट मांडला आणि त्यावर तुझा फोटो ठेवून ओवाळला. फोटो मॅट्रिकच्या वेळचा, मिशी न फुटलेला. निर्मला हसून हसून लोळली. तिचे वडील म्हणाले, "तुहा भाऊ तं आता मुंबईवाला झाला, आपुन राह्यलो भोपाळवाले." खरंच, असं कुठं असतं का रे? एक तारखेला उठलो तर सरकारने वऱ्हाड तिकडच्या राज्यात नेला होता आणि आमचा निमाड इकडे ठेवला होता. त्या वाटणीत जनावरांचा डॉक्टरही गेला, आणि तो नेमका माझा भाऊ निघाला.

पण तक्रार करणार नाही. निघायच्या धांदलीत सामान बांधायचं सोडून तू बऱ्हाणपुराहून सायकलीवर आलास, आमच्या ओसरीत भुरी कुत्रीला क्लोरोफॉर्म हुंगवलास आणि रानडुकराने चिंध्या केलेला तिचा मागचा पाय काढून टाकलास. जाताना दोन बाटल्या माझ्या हाती दिल्यास. "आक्का, ह्यात अफूचा अर्क आहे, दुखणं मारतो. यंदाची ओवाळणी समज," म्हणालास. लीलाधर, लुगडी पुष्कळ नेसले. ही ओवाळणी मी जन्मात विसरणार नाही.

आता दुखणं सांगते. सकाळ-संध्याकाळ तू सांगितलेले थेंब दुधात घालून पाजते. ती पिते, माझ्याकडे बघते आणि घटकाभराने पुन्हा कण्हायला लागते. जखम ओली नाही, पू नाही. पण कापलेल्या जागेकडे सारखी मान वळवते आणि कळ आली की स्वतःलाच चावायला जाते. अंग थरथरतं. शेजारची धुरपदाबाई म्हणाली, "माय, मोकळी करून टाका तिले." मी तिला चहा न देता उठवलं. पण मला सांग, पोटात अफू असताना जनावर एवढं ओरडतं कसं? निर्मला तान्ही असताना मी कापूस वेचायला जाताना तिला बाळगोळी चाटवायची. तेवढ्याशा अफूने पोर दिवसभर गाढ असायची. कुत्र्याला अफू कमी लागते का?

आबा तिच्याजवळून हलत नाहीत. डुक्कर केळीतून निघालं ते सरळ म्हाताऱ्यावर आलं होतं, भुरी मधे पडली म्हणून सासरे आज मला दिसतात. तू मागे आला होतास तेव्हा हसला होतास ना, की ह्या घरात सून आणि सासरा कुत्रीमार्फत बोलतात? अजून तसंच आहे. सुनेने सासऱ्याशी तोंडाने बोलायचं नाही, मग मी पदर ओढून म्हणते, "भुरे, आबांना सांग भाकरी वाढली." आणि आबा म्हणतात, "भुरे, सांग तिले, कालवन तिखट झालं." बिचारी दोघांकडे आळीपाळीने बघत शेपूट हलवते. आता तीच आडवी पडल्यामुळे घरात बोलणंच बंद झालंय.

थेंब वाढवू का, ते उलट टपालाने लिही.

मनकर्णा

•

मेहकर, जि. बुलढाणा
९ नोव्हेंबर १९५६

ती. आक्का,

तुझं पत्र वाचून मिशीवरून हात फिरवला. पुढच्या वर्षी फोटो बदलून पाठवतो.

इथे सगळा आनंद आहे. कचेरीत निम्मी माणसं नागपूरची आठवण काढतात आणि निम्मी मुंबईची स्वप्नं बघतात. दवाखान्याला दार आहे, कडी नाही. माझी खोली एका तेल्याच्या घरावर आहे, त्यामुळे घाणा फिरला की माझी खाटही फिरते. बैल तपासायचे, कोंबड्या बघायच्या आणि राज्य कोणतं ते विचारायचं नाही, असं चाललंय.

भुरीचं फार मनावर घेऊ नकोस. कुत्री ओरडतातच. जनावरांना आपल्यासारखं दुखत नाही, त्यांना जास्त करून बांधलेलं आवडत नाही म्हणून ती रडतात. तरी तुझ्या जिवाला बरं वाटत असेल तर थेंब दुप्पट कर. तिप्पट केलेस तरी काही बिघडत नाही, बिनधास्त दे.

एक मात्र सांगतो. बाटली जरा वरच्या फळीवर ठेव. घरात कोणाला कशाची तलफ आहे हे तुला मी सांगायला नको. आबा माणूस चांगला आहे, पण तलफेपुढे चांगुलपणा टिकत नाही. मी दवाखान्यात असले लोक रोज पाहिलेत.

निर्मलाला म्हणावं, मामा तिच्या हसण्याचा सूड घेणार आहे.

तुझा
लीलाधर

•

दापोरा
१४ नोव्हेंबर १९५६

लीलाधर,

तू म्हणालास तेच झालं. किंवा झालं असं दिसतं. नीट सांगते.

थेंब दुप्पट केले, मग तिप्पट केले. भुरीला काडीचा फरक नाही. आता ती ओरडतही नाही, नुसती दात खाते. आवाज गेला तेव्हा मला वाटलं, औषध लागू पडलं. जवळ जाऊन बघते तर डोळे सताड उघडे आणि जीभ दातात धरलेली. तू लिहितोस, जनावराला आपल्यासारखं दुखत नाही. तू पाय कापून निघून गेलास, मी तिच्याजवळ बसते. मला दिसतं तिला किती दुखतं ते.

परवा दुपारी मी विहिरीवरून आले, तर ओसरीत आबा उभे. फळीवरची बाटली त्यांच्या हातात, बूच काढलेलं आणि बोट तोंडात. मी पदर ओढून उंबऱ्यातच थांबले. ते दचकले नाहीत की बाटली लपवली नाही. भुरीकडे तोंड करून म्हणाले, "भुरे, तुह्या मालकीणले सांग, ह्या औषधात अफू नही. गूळपानी हाये हे. जनावर फुकटचं मरू राह्यलं." आणि काठी टेकत निघून गेले.

मी एक थेंब जिभेवर घेतला. गोड लागलं. बाळगोळी फोडताना नखाला लागलेला कडूपणा दिवसभर जात नाही, आणि इथे कडू नावाला नव्हतं.

घरधन्याला सांगितलं. ते तडकलेच. म्हणाले, "पिऊन टाकली बुढ्ढ्यानं आन् वरून गुळाचं पानी भरलं. त्याची अफू सरकारनं यंदा अजून कमी केली ना, तवापासून तो भुकेला हाये." ते खरंही आहे. कंबर गेली तेव्हापासून आबा अफू घेतात, सरकारी अफूच्या दुकानात त्यांचं नाव लावलेलं आहे, चोरीछुपे काही नाही. पण दर वर्षी सरकार थोडी कमी देतं आणि महिन्याचे शेवटचे दिवस त्यांचे हाल होतात. हे मी सून म्हणून बघत आले.

तरी एक खुपतं. चोरून पिणारा माणूस पकडला गेला तर गप्प बसेल, नाहीतर रडेल. "ह्यात अफू नाही" असं आपण होऊन कशाला सांगेल? मी त्यांना सध्या भुरीजवळ फिरकू देत नाही, पण रोज भाकरी वाढताना हाच विचार येतो.

म्हणून तुला विचारते. तू बाटली भरलीस. तिच्यात अफू होती ना? हो किंवा नाही, एवढंच लिही. म्हाताऱ्याची ह्या घरातली जागा तुझ्या त्या एका शब्दावर आहे. मी नवऱ्याला म्हटलंय, माझा भाऊ सांगेल तेच खरं, तोवर घरात कोणी शब्द काढायचा नाही.

मनकर्णा

•

मेहकर
१८ नोव्हेंबर १९५६

ती. आक्का,

तुझं पत्र दौऱ्यावरून आल्यावर मिळालं. एवढ्याशा गोष्टीचं तू कोर्ट का मांडलंस?

बाटल्या मी माझ्या हाताने भरल्या, माझ्या हाताने लाख लावली आणि त्यावर विषाची लाल चिठ्ठी चिकटवली. आणखी काय सांगू? व्यसनी माणूस स्वतःच्या लेकराच्या तोंडचं काढून घेतो, तिथे कुत्रीचं काय घेऊन बसलीस. "ह्यात अफू नाही" असं म्हणायला त्यांना काय लागतं? आपल्यावर येऊ नये म्हणून माणूस आधीच ओरडतो. तू भोळी आहेस.

दाजींना म्हणावं, वडील आहेत, फार ताणू नका. समज देऊन सोडा.

आणि दुसरी बाटली आता उघडू नकोस. पाय काढून बरेच दिवस झाले, आता औषधाची गरजही नाही. तो अर्क जुना झाला की बिघडतो. फेकून दिलीस तरी चालेल, नदीत टाक म्हणजे पोराबाळांच्या हाती लागायला नको.

इथे थंडी पडली आहे. तू विणलेला स्वेटर बाहेर काढला.

तुझा
लीलाधर

•

दापोरा
२५ नोव्हेंबर १९५६

लीलाधर,

तुझं पत्र आलं, मी ते मोठ्याने वाचून दाखवलं, आणि घरात जे व्हायचं ते झालं.

समज देऊन सोडा म्हणालास, पण तुझे दाजी तुझ्यासारखे नाहीत. त्यांनी अंगणात, धुरपदाबाईच्या आणि चार लोकांच्या देखत बापाला सांगितलं, "घरात राहाचं नही. मळ्यात राहा, खोपटात. भाकर पाठवू." आबा भिंतीला टेकून बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटतं, मी काहीतरी म्हणेन अशी त्यांना आशा होती. आणि मी म्हटलं.

डोक्यावरचा पदर तसाच होता, पण मधे भुरी नव्हती. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हापासून पहिल्यांदा सासऱ्याच्या तोंडाकडे बघून बोलले. म्हणाले, "मुक्या जनावराच्या तोंडचं चोरलं तुम्ही. तिनं तुमचा जीव वाचवला होता."

त्यांनी घोंगडी उचलली, काठी घेतली आणि निघाले. तेव्हा ओसरीत खडबड झाली. भुरी उठली होती. पाय काढल्यापासून पहिल्यांदा उठली. पडली, पुन्हा उठली आणि तीन पायांवर फरफटत त्यांच्या मागे गेली. मी हाका मारल्या. तिने मागे वळून पाहिलं नाही. ज्याने तिचं औषध खाल्लं त्याच्याच मागे गेली, आणि मी दूध-भाकरी घालणारी इथे उभी. मला राग आला, तो तुला सांगते, कुत्रीचा आला.

आता सालदार कौतिक दोघांची भाकर घेऊन मळ्यात जातो. तो सांगतो, भुरी शांत आहे. खाते, आणि तोंड उघडं टाकून गाढ झोपते. म्हणजे तू म्हणालास तसं दुखणं संपलं असावं. आबांचं मात्र बरं नाही. पोटात कळा येतात, नाक गळतं, हातपाय ओढतात, रात्री बसून काढतात. घरधनी म्हणतात, "बाटली बंद झाली, आता उतरू राह्यली."

दुसरी बाटली नदीत टाकली नाही. ओवाळणी कोणी नदीत टाकतं का? माझ्या पेटीत कुलपात आहे आणि किल्ली माझ्या गळ्यातल्या दोऱ्यात आहे.

मी बरोबर केलं ना रे? मला बरं वाटायला हवं होतं, ते वाटत नाही.

मनकर्णा

•

मेहकर
२९ नोव्हेंबर १९५६

ती. आक्का,

भुरी उठून चालू लागली हे वाचून फार आनंद झाला. माझं ऑपरेशन नावाजण्यासारखं झालं म्हणायचं! इथल्या साहेबांना सांगितलं, तेही खूश झाले.

आबांचं दुःख मानू नकोस. चार दिवस त्रास होईल, मग तलफ सुटेल. एका अर्थी तू त्यांच्यावर उपकारच केलास. मळ्यातली हवा चांगली असते.

नेपानगरला कोणी ट्रक घेऊन जाणारं असेल आणि तिथून इकडे येणारं कोणी भेटलं, तर केळीचा एक घड पाठव. इथली केळी खाऊन तोंड वाकडं होतं.

तुझा
लीलाधर

•

दापोरा
८ डिसेंबर १९५६

लीलाधर,

केळी पाठवत नाही.

कौतिक गेल्या मंगळवारी भाकरीचं फडकं परत घेऊन आला आणि जायचं सोडून ओसरीखाली उभा राहिला. तुझे दाजी बाजाराला गेले होते. मी विचारलं, काय रे? तो म्हणाला, "वहिनी, मले सांगाले मना केलं होतं. पन बुढा मरून जाईन." मग त्याने सांगितलं. आबा दुकानातून आणलेली आपल्या वाट्याची अफू मोडतात, गुळात कालवतात आणि भुरीला चारतात. मळ्यात गेल्याच्या पहिल्या दिवसापासून. आधी थोडी तिला आणि थोडी स्वतःला. तिचं कण्हणं थांबेना म्हणून मग सगळी तिला. कौतिक त्यांना म्हणाला, आबा, तुमचे हाल होऊन राहिले. तर म्हणाले, "मह्या कंबरीले दुखन्याची सवय हाये. तिले नही."

म्हणजे भुरी औषधाविना बरी झाली नव्हती. ती तान्ह्या निर्मलासारखी झोपत होती, आणि मला ते कळायला हवं होतं. बाळगोळी मी दिलेली आहे.

कौतिक गेल्यावर मी पेटी उघडली. तुझी दुसरी बाटली काढली. लाख जशीच्या तशी होती, तुझ्या अंगठ्याचा ठसा तिच्यावर होता. ही बाटली तुझ्या हातातून माझ्या हातात आली आणि माझ्या हातातून कुलपात गेली. मधे तिसरा हात नाही. लाख फोडली. एक थेंब जिभेवर घेतला. मग एक घोट घेतला.

गोड. ज्येष्ठमध आणि गूळ.

 आधी वाटलं, चुकून झालं असेल, घाईत होतास. आपल्या माणसासाठी मन किती पळवाटा काढतं बघ. मग तुझी पत्रं आठवली. "तिप्पट केलेस तरी काही बिघडत नाही." अफू असती तर असं हसत लिहिलं असतंस? "नदीत टाक." कशाला टाकायची होती ते आता कळतं. आणि मी विचारलं होतं, हो की नाही. तू लिहिलंस, माझ्या हाताने भरली, माझ्या हाताने लाख लावली. हो म्हणाला नाहीस. त्या उत्तरात खोटं न बोलता तू मला फसवलंस, आणि त्या हुशारीची तुला मजाही वाटली असेल.

तू जनावरांचा डॉक्टर. भुरी तुझ्या हाताखाली पाय देऊन पडली होती आणि तू तिला गूळपाणी दिलंस. ते एक वेळ गिळलं असतं. पण आबांवर आळ आला तेव्हा खरं काय ते साऱ्या दुनियेत एकट्या तुला ठाऊक होतं. तुझ्या एका ओळीने म्हातारा घरात राहिला असता. ती ओळ तू लिहिली नाहीस, उलट लिहिलंस, व्यसनी माणूस लेकराच्या तोंडचं काढतो.

मी बाटली घेऊन मळ्यात गेले. आबा खोपटात पडले होते, अंगाचं पाणी झालेलं. भुरी त्यांच्या पोटाशी होती. मी बाटली त्यांच्या पुढ्यात ठेवली आणि म्हटलं, "आबा, तुमचं खरं होतं. माझ्या भावाने फसवलं. मी चुकले, घरी चला." सरळ त्यांच्याशी बोलले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. भुरीच्या कानामागे हात फिरवत राहिले आणि तिला म्हणाले, "भुरे, तिले सांग, येतो घरी. पन बोलनं तुह्यामार्फतच ठेव. सरळ बोलनं एकदा आयकलं. पुरे झालं."

तुला काही विचारत नाही. विचारून पाहिलं होतं.

मनकर्णा

•

मेहकर
१३ डिसेंबर १९५६

ती. आक्का,

तुझं पत्र मिळालं. जे लिहिलंस ते सगळं खरं आहे.

एकदा माझी बाजू ऐक. एकतीस तारखेच्या आत चार्ज द्यायचा होता. नवा माणूस इंदूरकडून येणार, मी दुसऱ्या राज्यात जाणार. अफूचा अर्क एक थेंब कमी भरला असता तर दोन सरकारांच्या मधे मी चेंगरलो असतो. दवाखान्यातून तो काढणं मला शक्य नव्हतं. तरी तुला नाही म्हणवेना. तू भाऊबीजेच्या तोंडावर हात पसरून उभी होतीस. वाटलं, गोड काढा देऊ, तुझं समाधान होईल, आणि कुत्री काय, आठवड्यात गप्प होईल. कॉलेजात आम्हाला शिकवलंय, दुखत असलं की जनावर हालचाल करत नाही आणि टाके टिकतात. हे मी माझ्या मनाचं सांगत नाही.

शिवाय आबांच्या घरात खरी अफू ठेवायची मला भीती वाटली. त्यांनी ती घेतली असती असं मी धरूनच चाललो होतो.

तू हो की नाही विचारलंस तेव्हा खरं लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. तुझ्या नजरेतून उतरेन ह्याची भीती वाटली, आणि म्हातारा तसाही अफूबाज, त्याची अब्रू ती काय जाणार, असं मनात आलं. हे लिहिताना लाज वाटते, पण मनात आलं ते हेच.

आक्का, मी संक्रांतीला रजा काढून येतो. आबांच्या पाया पडतो, दाजींसमोर सगळं कबूल करतो. भुरीसाठी खरं औषध आणतो. तू फक्त ये म्हण. आई गेल्यावर मला तुझ्याशिवाय कोण आहे?

तुझाच
लीलाधर

•

दापोरा
२२ डिसेंबर १९५६

लीलाधर,

वर आशीर्वाद लिहिलेला नाही, विसरले म्हणून नव्हे.

भुरीला आता औषध नको. तिची जागा भरून आली, तीन पायांवर ती केळीच्या ओळीतून अशी पळते की कौतिकला आवरत नाही. तिचं दुखायचं होतं तेवढं दुखून झालं. ते परत जाऊन कोणी कमी करू शकत नाही, तूही नाही.

आबा घरी आहेत. ओसरीत नाही बसत, मागच्या दारी गोठ्याजवळ बसतात. तुझे दाजी त्यांच्या पाया पडले, धुरपदाबाईलाही बोलावून तिच्यादेखत पडले. आबांनी पाठीवरून हात फिरवला. पण जेवताना ताटाकडेच बघतात. कालवण तिखट झालं की गोड, काही म्हणत नाहीत. मी मुद्दाम मीठ जास्त टाकून पाहिलं. जेवून उठले.

तुझी बाजू ऐकली. चार्ज होता, मान्य. "आक्का, अफू देता येत नाही" एवढंच सांगायचं होतंस. मी रडले असते, तुला दोन शब्द बोलले असते आणि बऱ्हाणपूरचा दुसरा कोणी डॉक्टर गाठला असता. निदान भुरीला दुखतंय हे मला पहिल्या दिवसापासून कळलं असतं. तू आबांना चोर धरून चाललास, म्हणून बाटलीत गूळ भरलास. त्याच गुळापायी मी त्यांना चोर म्हणाले. आता सांग, ह्या घरात चोरी कोणी केली?

आणि म्हाताऱ्याची अब्रू काय जाणार, म्हणतोस. ती गेली. मी बघत होते जाताना.

दोन्ही बाटल्या ह्या पत्राबरोबर पार्सलाने येत आहेत. एक अर्धी आहे, एक भरलेली. विषाच्या लाल चिठ्ठ्या काढल्या नाहीत, त्या आता खऱ्या आहेत. ही ओवाळणी मी जन्मात विसरणार नाही असं लिहिलं होतं, ते मात्र पाळीन.

संक्रांतीला ये किंवा येऊ नकोस. माझ्या बापाचा मुलगा आहेस, दाराला कडी लावणार नाही. पाट मांडीन, ताट वाढीन. पण पदर डोळ्यांपर्यंत ओढून बसेन, आणि तुला काय सांगायचं ते भुरीला सांगेन.

मनकर्णा